प्रमुख धर्मगुरूचा आठवडा कसा जातो? मुलाला सेमिनरीत पाठवू पाहणाऱ्या पालकांना उत्तर

तुमच्या मुलाला कॅथलिक चर्चमध्ये फादर, म्हणजे धर्मगुरू, व्हायचंय, आणि तुम्ही त्याला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेत, पाठवू पाहताय. आजवर त्याने फादरांना वेदीवर पाहिलंय, लग्नांत पाहिलंय, अंत्यविधीला पाहिलंय. आठवड्याचे बाकीचे दिवस ते काय करतात हे त्याला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की धर्मग्राम सांभाळणाऱ्या धर्मगुरूचा आठवडा खरोखर कसा जातो, आणि हे आयुष्य आपल्या मुलाला झेपेल का, हे कशावरून ओळखायचं. मी लहान आणि मोठ्या अशा दोन्ही धर्मग्रामांत बरीच वर्षं प्रमुख धर्मगुरू म्हणून काम केलंय. जे रोज घडतं तेच सांगतो.

आधी एक गोष्ट. धर्मग्राम म्हणजे काय, हे १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं, कलम ५१५ सांगतं. त्यात इमारतीचा उल्लेख नाही. श्रद्धावंतांचा एक ठरावीक समुदाय आणि त्याची काळजी घेण्यासाठी बिशपांनी नेमलेला धर्मगुरू, एवढंच आहे. कलम ५२९ आणखी पुढे जातं. धर्मगुरूने आपल्यावर सोपवलेली माणसं ओळखून घ्यावीत, त्यांच्या घरी जावं, त्यांच्या चिंतांत आणि दुःखांत सहभागी व्हावं, आजाऱ्यांना आणि विशेषतः मरणाच्या दारात असलेल्यांना धीर द्यावा, गरीब, एकटे आणि देशोधडीला लागलेले यांच्याकडे खास लक्ष पुरवावं, असं ते म्हणतं. कायद्याच्या पुस्तकात इतकं मायेचं कलम क्वचितच सापडेल. माझ्या मते आमचं काम एवढंच आहे: माणसं ओळखणं. हिशेब, सभा, नोंदवह्या, छपराची गळती ही कामं या ओळखीला जेवढी उपयोगी पडतात तेवढीच महत्त्वाची. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे मी कुठे रेंगाळतोय आणि कुठे भरभर पुढे जातोय ते कळेल.

दिवस प्रार्थनेने सुरू होतो. दीक्षा घेताना प्रत्येकाने दैनिक प्रार्थनाविधीची जबाबदारी स्वीकारलेली असते. सकाळची, मध्यान्हीची, संध्याकाळची, झोपण्यापूर्वीची आणि शिवाय एक दीर्घ वाचनाची प्रार्थना. दिवस धावपळीचा असला की पहिली काट हिलाच लागते, आणि तिची सवय सुटली की बोलणं तेच राहतं पण आतून माणूस कोरडा होत जातो. तरुण फादरांना मी आग्रहाने सांगतो, की सकाळची प्रार्थना होईपर्यंत फोनला हात लावू नका.

मग सकाळची मिस्सा, म्हणजे वेदीवरची ख्रिस्तप्रसादाची उपासना. रविवार सोडून इतर दिवशी माणसं थोडी असतात आणि बहुतेक तीच असतात. पण धर्मग्रामाची नाडी त्यांच्याकडून कळते. मिस्सा संपली की मी दारात उभा राहतो. कुणाच्या शेजारणीला रात्री हॉस्पिटलात हलवलं, कुणाच्या मुलाची नोकरी गेली, कुठल्या घरात दोन भावांनी बोलणं टाकलं, हे दारातच कानावर येतं. रोजचं एखादं माणूस दोन-तीन दिवस दिसलं नाही तर तीही बातमीच. त्या दिवशीच्या फेरीत ते घर पहिलं. अर्थात ऐकलेलं पुढे सांगायचं नसतं, आणि ऐकलेल्या सगळ्यावर विश्वासही ठेवायचा नसतो. ही शिस्त नसेल तर धर्मगुरूने दारात उभं राहू नये.

रोजच्या मिस्सेला बहुधा कुणाचा तरी हेतू, म्हणजे ती ज्यासाठी अर्पण करायची ते कारण, असतो: पुण्यतिथी, आजारपण, आभार. दिलेल्या दानाची आणि हेतूची वहीत नोंद होते, आणि मिस्सा अर्पण झाल्याचीही. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या हेतूसाठीही मिस्सा करावी अशी कॅनन लॉची कळकळीची शिफारस आहे. शिवाय दर रविवारी आणि मिस्सा सक्तीची असलेल्या सणाला प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करायलाच हवी. कलम ५३४ चं हे बंधन फार थोड्या लोकांना माहीत असतं. त्या मिस्सेत मी रोज येणाऱ्यांची आठवण करतो, तशीच रुसून यायचं थांबवलेल्यांची, आणि नुकतीच राहायला आलेली, अजून नावंही न कळलेली कुटुंबं असतात त्यांचीही. माझ्यावर कुणाकुणाची जबाबदारी आहे याची ती दर आठवड्याची उजळणी असते.

सकाळचा मोठा वेळ मी आजाऱ्यांसाठी राखून ठेवतो. याबद्दल सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलाने हे काम सर्वांत कमी पाहिलेलं असणार.

निघताना गळ्यात एक छोटी पिशवी असते. तिच्यात ख्रिस्तशरीराची, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेल्या ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीची, डबी. खिशात तेलाची कुपी, बोटाच्या पेराएवढी. आत कापूस असतो आणि तेल त्यात मुरवलेलं असतं, म्हणजे वाटेत सांडत नाही. हे आजाऱ्यांचं तेल बिशपांनी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास धर्मप्रांताच्या, म्हणजे त्यांच्या अखत्यारीतल्या सगळ्या धर्मग्रामांच्या, मिस्सेत आशीर्वादित केलेलं असतं. घरात गेल्यावर मी आधी खुर्ची खाटेजवळ ओढतो. उभ्याउभ्या विधी केला तर घरच्यांच्या लक्षात राहतं ते एवढंच, की फादर येऊन गेले. बसलं की आजारी माणूस बोलू लागतं. त्याला पापनिवेदन करायचं, म्हणजे आपली पापं फादरांजवळ सांगून क्षमा मागायची असेल तर घरच्यांना बाहेर थांबायला सांगायचं आणि दार ओढून घ्यायचं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून काही क्षण काहीही बोलायचं नाही. नंतर कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय असा क्रम असे. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये तो कपाळ आणि हातांपुरता केला. तेल लावताना हात माझ्या हातात येतो आणि त्या हाताकडून बरंच समजतं. काही घट्ट धरतात, काही सैल पडलेले असतात, काही थरथरतात. घाई करणाऱ्या फादराला हे कळत नाही.

अनेक घरांत अजूनही समज आहे की फादरांना बोलावणं म्हणजे आशा सोडणं. म्हणून बोलावणं येतं तेव्हा माणूस बेशुद्ध असतं, आणि ज्याला बोलायचं होतं त्याला बोलताच येत नाही. कलम १००४ नुसार आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की हा तेलाचा संस्कार देता येतो. बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडलं किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा देता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधी अवश्य मागावा. मरणाऱ्यासाठी अखेरचा संस्कार ख्रिस्तशरीराचा असतो, पुढच्या प्रवासाची शिदोरी म्हणून. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर ते शुद्धीवर असतानाच फादरांना बोलवा.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. खाटेवरच्या माणसाइतकंच त्याची सेवा करणारं माणूस थकलेलं असतं. बहुतेक वेळा ती सून असते, मुलगी असते, किंवा जिची स्वतःचीच तब्येत बरी नाही अशी बायको. निघताना मी तिला दारापर्यंत सोबत यायला सांगतो. खोलीत जे बोलता येत नाही ते तिथे बाहेर पडतं. कित्येक रात्री झोप नाही. बाकीचे भाऊ फोनवर चौकशी करतात पण येत नाहीत. कधीकधी वाटतं की आता यांनी सुटावं, आणि असं वाटल्याचा अपराध मनाला खात राहतो. त्या पाच मिनिटांत उपदेश करायचा नसतो. ऐकून घ्यायचं, आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात तिला एखादी दुपार मोकळी मिळेल अशी व्यवस्था धर्मग्रामातल्या कुणाला सांगून करायची. ख्रिस्तप्रसाद घरोघर पोचवायला चर्चने नेमलेले प्रापंचिक सेवकही असतात आणि त्यांची मोठी मदत होते. पण आजाऱ्यांचा संस्कार फक्त बिशप आणि धर्मगुरूच देऊ शकतात, त्यामुळे या फेऱ्या मी दुसऱ्या कुणावर टाकू शकत नाही. टाकता आल्या असत्या तरी टाकल्या नसत्या.

आठवड्याचं वेळापत्रक मोडतं ते मरणाने. रात्री फोन आला तर निघायचं, सकाळची बैठक पुढे ढकलायची. मयताच्या घरी गेल्यावर पहिली काही मिनिटं मी काहीच सांगत नाही. तिथे धर्मशिक्षणाची गरज नसते. घरच्यांजवळ बसतो, थोडी प्रार्थना करतो, आणि मग विचारतो, की हे माणूस रोज काय करायचं, कशाने खूश व्हायचं, कुणावर जीव होता. अंत्यविधीचं प्रवचन म्हणजे गुणगान नव्हे, पुनरुत्थानाची आशा सांगायची असते. पण ती आशा या माणसाची आहे, हे लोकांना कळायला हवं. नाव बदलून दुसऱ्या कुणालाही चालेल असं प्रवचन करणं हा मी घरच्यांचा अपमान समजतो.

नियमांबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते. दहनाला चर्चने १९६३ मध्येच परवानगी दिली. २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी घरात ठेवू नयेत, वाटून किंवा उधळून टाकू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. त्याहून मोठी भीती आत्महत्या झालेल्या घरात असते. १९१७ च्या जुन्या संहितेत जाणूनबुजून जीव दिलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत तशी बंदी नाही. तरीही ते कुटुंब दबक्या आवाजात विचारतं, ‘फादर, चर्चमध्ये आणता येईल का?’ मी तो प्रश्न पुरा होऊ देत नाही. आणा म्हणतो, आणि वेळ काय ठेवायची ते विचारतो.

अंत्यविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं. साधारण महिन्याभराने ते रिकामं होतं. माझी खरी भेट तेव्हाची. डायरीत अंत्यविधीच्या नोंदीशेजारीच मी पुढच्या भेटीची तारीख लिहून ठेवतो, नाहीतर कामाच्या रेट्यात ती राहून जाते. तुमचा मुलगा पुढे कधी फादर झाला तर त्याने माझी एवढी एक सवय तरी उचलावी.

दुपारनंतर कार्यालय. तरुण फादरांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला ते आवडतं, आणि त्याचं कारण नोंदवह्या. ट्रेंट शहरात भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहांच्या नोंदी ठेवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं, तेव्हापासून ही परंपरा पक्की झाली. आज प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या असायलाच हव्यात. स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, वही उघडून पाहा. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता, संस्कार देणारा धर्मगुरू, आणि शेजारी मोकळा समास. पुढे त्याचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा पुढचा संस्कार, झालं की समासात नोंद. लग्न झालं की कुठे, कुणाशी, कोणत्या तारखेला, ही नोंद. धर्मगुरुदीक्षा किंवा संन्यासव्रत घेतलं तर तीही. लग्न दूरच्या धर्मग्रामात झालं तर तिथले फादर इकडे पत्र पाठवतात आणि मी वही काढून ती ओळ लिहितो. म्हणूनच लग्न ठरल्यावर आम्ही स्नानसंस्काराचा नव्याने काढलेला दाखला मागतो. लहानपणी मिळालेल्या कागदावर समासातलं पुढचं काहीच नसतं. लोकांना वाटतं फादर उगाच खेटे घालायला लावतात. पण समोरचं माणूस लग्नाला मोकळं आहे की नाही, हे त्या समासातून कळतं.

शिवाय दाखला मागायला येणारं माणूस क्वचितच फक्त दाखल्यासाठी येतं. मी वहीची पानं उलटत असताना समोरून सुरुवात होते, ‘फादर, बरेच दिवस चर्चला आलो नाही...’ म्हणून कार्यालयात मदतनीस असला तरी ठरलेल्या वेळी मी स्वतः तिथे असतो.

विवाहाची चौकशी हा याच खोलीतला सर्वांत गंभीर भाग. वधू आणि वर यांना मी वेगवेगळं बसवून विचारतो. विवाह होतो तो दोघांच्या संमतीने, आणि ती दुसरं कुणीही देऊ शकत नाही, हा कॅनन लॉचा पाया आहे. जबरदस्ती किंवा बाहेरून लादलेली गंभीर भीती असेल तर तो विवाहच अवैध. फॉर्मवरचे प्रश्न ठरलेले असतात, पण ते वाचून दाखवायचे नसतात, विचारायचे असतात. ‘तुला हे लग्न करायचंय ना?’ यावर बहुतेक जण लगेच हो म्हणतात. एखाद्या वेळी उत्तर येतं, ‘आता सगळं ठरलंय, मागे कसं फिरणार?’ मग मी पेन खाली ठेवतो. त्या दिवशी फॉर्म पुढे जात नाही. हॉल ठरलाय, पत्रिका वाटल्यात, घरचे रागावतील, हे सगळं मला मान्य असतं. पण ही सगळी गैरसोय एका नासलेल्या संसारापेक्षा फार लहान आहे. एक बाजू कॅथलिक नसेल तर बिशपांकडून परवानगी किंवा सूट घ्यावी लागते. कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन देते, आणि दुसऱ्या बाजूला ते वचन नीट समजावून सांगितलं जातं. हे काम लग्नाच्या बरेच महिने आधी सुरू व्हावं. घाई झाली की अडचण दोघांचीच होते.

संध्याकाळी सभा असतात. श्रद्धावंतांची पाळकीय समिती धर्मग्रामाच्या कामाबद्दल सल्ला देते. आर्थिक समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी, आणि ती असावी हेच धर्मगुरूच्या हिताचं आहे. तिच्यात माझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणणारी माणसं असावीत असा माझा प्रयत्न असतो. लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांसमोर मांडायचा, सूचना फलकावर लावायचा. बाकी सभांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. वेळेवर सुरू करावी, वेळेवर संपवावी.

मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, वेदीसेवकांचा सराव, तरुणांचे गट यांत माझा वेळ जातो आणि आनंदाने जातो. इथे एक शिस्त मी कधीही सैल सोडत नाही. बंद दाराआड मोठं माणूस आणि एकटं मूल असं कधीही होऊ द्यायचं नाही. यात मीही आलो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेला आणि २०२३ मध्ये कायम केलेला आदेश मुलांवरच्या अत्याचाराची माहिती मिळताच वरिष्ठांना कळवणं धर्मगुरूंना बंधनकारक करतो. देशाचा कायदा शिवाय आहेच. चर्चने या बाबतीत मुलांना आणि कुटुंबांना फार मोठ्या जखमा दिल्या आहेत. पालकांनी प्रश्न विचारले की मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. तुम्हीही विचारा, सेमिनरीतही विचारा.

शनिवारी पापनिवेदन. लोक येवोत न येवोत, ठरलेल्या वेळी मी तिथे जाऊन बसतो, कारण दिवा लागलेला दिसला की कित्येक वर्षांनी आलेलं माणूसही आत यायचं धाडस करतं. फादर असतील की नाही ही शंका असेल तर तेच निमित्त करून ते परत जातं. धर्मग्रामाच्या फादरांचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी १८१८ मध्ये आर्स नावाच्या अगदी छोट्या फ्रेंच गावात आले आणि १८५९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. पुढे पुढे त्यांच्याकडे इतके लोक येऊ लागले की दिवसातले बारा-बारा, सोळा-सोळा तास ते पापनिवेदन ऐकत. तेवढं आमच्याच्याने होत नाही, पण ठरलेला तास पाळणं आमच्या हातात आहे. ऐकलेलं कुणालाही, कशासाठीही सांगायचं नाही, हे बंधन इतकं कडक आहे की ते थेट मोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत होतो. हे ओझं वाटतं का, असं मुलं विचारतात. मला स्वतःला पापनिवेदन ऐकून लोकांबद्दलचा आदर वाढतो असंच वाटत आलंय. माणसं किती झगडतात हे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता प्रवचन. लोकांना वाटतं ते शनिवारी रात्री तयार होतं. तसं करणारे फादर असतात आणि ते रविवारी ऐकू येतं. मी रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे त्या दिवशी मिस्सेत वाचायचा येशूच्या चरित्रातला उतारा, सोमवारीच वाचतो. संपूर्ण, मोठ्याने, एकदा. मग ते आठवडाभर बरोबर राहतं, आजाऱ्याच्या खाटेजवळ, कार्यालयात, अंत्ययात्रेत. बुधवार-गुरुवारच्या सुमारास एखादं वाक्य अचानक कुणाच्या तरी चेहऱ्याशी जुळतं. तोवर मी बायबलवरचे भाष्यग्रंथ उघडत नाही. नंतर उघडतो, कारण मूळ उताऱ्यात जे नाही ते त्याच्या तोंडी घालणं बरोबर नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचं शुभवर्तमान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत. म्हणजे एकाच ठिकाणी सहा वर्षं राहिलो तर प्रत्येक उतारा त्याच लोकांसमोर दोनदा येतो. माझ्या आठवड्यात माणसं नसतील तर दुसऱ्या खेपेला सांगायला माझ्याकडे काहीही नसेल. माणसं असतील तर तोच उतारा पूर्ण वेगळा बोलतो. लांबीबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांची मर्यादा सांगितली होती. ती मला पटते. एक विचार, एक उदाहरण, थांबणं. आणि घरी ऐकलेलं कुणाचंही दुःख प्रवचनात उदाहरण म्हणून येता कामा नये. नाव बदललं, गाव बदललं तरी ज्याचं आहे त्याला ते ओळखू येतंच, आणि मग ते घर आपल्याला पुन्हा कधी काही सांगत नाही.

रविवार धावपळीचा. नियमाने धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची. गरज असेल तर बिशपांच्या परवानगीने दोन, आणि रविवारी फार गरज असेल तर त्यांच्याच परवानगीने तीन. त्यांच्या मधल्या वेळात स्नानसंस्कार, आशीर्वाद, भेटीगाठी. मिस्सेआधीच्या अर्ध्या तासात मला कुणी हिशेबाचं विचारू नये अशी मी विनंती करून ठेवलीय. तिसऱ्या मिस्सेलाही पहिल्यासारखंच उभं राहणं ही शारीरिक मेहनतसुद्धा आहे, आणि वय वाढतं तशी ती जाणवते.

रविवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात आणि धर्मगुरूचं घर शांत होतं. तुम्ही आईवडील आहात म्हणून हे स्पष्ट सांगतो: एकटेपणा असतो. दिवसभर शेकडो माणसांना भेटून रात्री बोलायला कुणी नसणं ही ब्रह्मचर्याची रोजची बाजू आहे. त्यावर उपाय आहेत आणि ते करावे लागतात. दर आठवड्याला एका ठरलेल्या फादर मित्राबरोबर जेवण. स्वतःचं पापनिवेदन, नियमित, एकाच गुरूकडे. वर्षातून एकदा तपसाधना. आठवड्याची एक सुट्टी, जी मी बहुधा सोमवारी घेतो आणि घेतोच. जे फादर ‘मला सुट्टीची गरज नाही’ म्हणतात त्यांची मला काळजी वाटते. बदली हा आणखी एक चटका. माणसं ओळखीची झाली, मुलांची नावं पाठ झाली, की पत्र येतं आणि सामान बांधावं लागतं. नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. झेपेल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही आणि सांगायची घाईही नाही. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचाच अभ्यास किमान सहा वर्षांचा असतो, आणि साधारणपणे पंचवीस वर्षं पुरी होण्याआधी धर्मगुरुदीक्षा मिळत नाही. या काळात त्याला स्वतःला आणि चर्चलाही थांबण्याची, नाही म्हणण्याची मोकळीक असते. सेमिनरीतून परत येणारा मुलगा घराची नाचक्की करत नाही, हे नातेवाइकांना आजच सांगून ठेवा.

काही गोष्टी मात्र घरातच दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तो हातातला फोन बाजूला ठेवून बसू शकतो का? न आवडणाऱ्या माणसाशी नीट बोलतो का? त्याची चूक कुणी दाखवली तर ऐकून घेतो का? कुणी पाहत नसताना प्रार्थना करतो का? वक्तृत्व, गाणं, परीक्षेतले गुण याकडे मी फारसं पाहत नाही. ते शिकवता येतं. आणि नुसतं वेदीचं, वस्त्रांचं आकर्षण असेल तर तेही वाईट नाही, अनेकांची सुरुवात तिथूनच होते. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत ते माणसांकडे वळायला हवं.

तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना विचारा, की आजाऱ्यांच्या फेरीला ते त्याला बरोबर नेतील का. त्याने दाराबाहेर थांबावं, बोलावलं तर आत जावं, परतताना मनात आलेलं फादरांना विचारावं. असं काही महिने झालं आणि तरीही त्याला जायचंच असेल, तर तुमच्या धर्मप्रांतात पाचारणाचं, म्हणजे धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांना मार्गदर्शन करण्याचं, काम पाहणारे फादर असतात, त्यांची वेळ घ्या. पहिल्या भेटीला तुम्हीही सोबत जा, आणि मला विचारलेलं सगळं त्यांनाही विचारा.